परतीचं तिकीट कुणाच्या खिशात?

प्रश्न एका नव्या पटकथालेखिकेचा आहे. सतरा वर्षांच्या दोघांची गोष्ट लिहितायत. मुलगा कारखानदाराचा, मुलगी त्याच कारखान्यातल्या फोरमनची, दोघं एकाच वर्गात. गोष्ट जमलीय, शेवट जमत नाही. तीन लिहून झाले. एकात मुलाच्या वडिलांना हार्ट अटॅक येतो आणि मुलीचे वडील त्यांना रक्त देतात. दुसऱ्यात दोघं पळून जातात. तिसऱ्यात ताटातूट होते आणि दहा वर्षांनी दोघं रेल्वे स्टेशनवर समोरासमोर येतात. ‘तिन्ही वाचताना मलाच पटत नाहीत. असले चित्रपट श्रीमंती-गरिबीचा तिढा शेवटी सोडवतात तरी कसा?’

हार्ट अटॅकवर रक्त चढवणं हा इलाज नाही, हे आधी बाजूला ठेवू. बाकीचं सविस्तर सांगतो. माझी वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात गेलीत, आणि त्यातल्या निम्म्या तरी प्रेमकथा असतील.

तिढा खरोखर सोडवणारे चित्रपट फार थोडे. बाकीचे काय करतात, तर पहिल्या तासात प्रश्न मांडतात पैशाचा आणि शेवटच्या वीस मिनिटांत उत्तर देतात भलत्याच प्रश्नाचं. तो भित्रा की धीट? तिचा त्याच्यावर विश्वास आहे की नाही? बाप दगड आहे की आतून मऊ? असल्या प्रश्नांची उत्तरं एका सीनमध्ये देता येतात, मागे गाणं वाजवता येतं. लोक डोळे पुसत बाहेर पडतात आणि पैशाचा प्रश्न खुर्चीखाली पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याशेजारी राहतो. ही लबाडीच असते असं मी म्हणणार नाही. अदलाबदल सफाईनं केली तर चित्रपट छान होतो. पण आपण कुठला प्रश्न काढून कुठला ठेवला, हे लिहिणाऱ्याला तरी कळलेलं असावं.

ही हातचलाखी पकडायला मी एकच गोष्ट बघतो: परतीचं तिकीट कुणाच्या खिशात आहे? श्रीमंत घरचं पोर गरिबाच्या गल्लीत येतं, जमिनीवर बसून जेवतं, बसमध्ये लोंबकळतं, आणि त्याला ते आवडतंही. पण जमलं नाही तर जायला त्याला घर आहे. वर्ष वाया गेलं तर पुढचं वर्ष आहे. गरीब घरच्या पोराला हा एकच डाव असतो. ‘तुझ्यासाठी सगळं सोडेन’ दोघंही म्हणतात, पण एकाचं ‘सगळं’ त्याच्यासाठी घरी जपून ठेवलेलं असतं. तेव्हा शेवट वाचताना मी विचारतो, ते तिकीट फाटलं का? कुणी फाडलं? आणि फाटलं नसेल, तर निदान चित्रपटाला ते माहीत आहे का?

या जातकुळीचा मूळपुरुष म्हणून लोक हमखास ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चं नाव घेतात. मला ते पटत नाही. शेक्सपिअर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत. तिथं वैर आहे, दरी नाही. वैर मिटवता येतं, दोन बाप मुलांच्या प्रेतांशेजारी हात मिळवतात. हात मिळवून कुणाचा पगार वाढत नाही. आपला मूळपुरुष म्हणायचा तर सिंड्रेला, आणि तिथंही गंमत आहे. पेरोनं १६९७ साली छापलेल्या गोष्टीत सिंड्रेलाचा बाप चांगला खानदानी गृहस्थ आहे. म्हणजे ती मुळात खालची नाहीच, खाली ढकललेली आहे. राजपुत्र तिला वर नेत नाही, तिच्या जागेवर परत बसवतो. ही युक्ती अजून चालते. २००४च्या ‘अ सिंड्रेला स्टोरी’त सावत्र आईकडे राबणाऱ्या मुलीला शेवटी परीकथांच्या पुस्तकात बापाचं मृत्युपत्र सापडतं आणि सगळी मालमत्ता तिचीच निघते. दरी भरण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग: दरी नव्हतीच, असं जाहीर करायचं. यावर याहून जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

किशोरवयाची अडचण वेगळीच आहे, आणि तुमचे तिन्ही शेवट तिथंच अडखळलेत. या वयात पैसा दोघांचाही नसतो. श्रीमंत मुलगा श्रीमंत नसतो, त्याचा बाप असतो. त्यामुळे भांडण वर्गाचं असलं तरी ते बापाच्या तोंडून बोलावं लागतं, नाहीतर एखाद्या उर्मट मित्राच्या. मोठ्यांच्या प्रेमकथेत माणूस निदान राजीनामा देऊ शकतो. सतरा वर्षांचं पोर काय सोडणार? त्याच्या नावावर एक सायकल असते. दुसरं असं, की शाळा ही बहुधा शेवटचीच जागा, जिथं ही दोन मुलं एका बाकावर बसू शकतात. म्हणून हे चित्रपट निरोप समारंभाला, नाचाच्या रात्री किंवा विमानतळावर संपतात. त्या दाराबाहेर पहिलं बिल उभं असतं, आणि कॅमेरा दाराच्या आत थांबतो.

आता एक चित्रपट जरा जवळून बघू. १९८६चा ‘प्रिटी इन पिंक’, पटकथा जॉन ह्यूजची, दिग्दर्शन हॉवर्ड ड्यूचचं. अँडीचा बाप धड कामाला जात नाही, ती जुने कपडे उसवून स्वतःसाठी नवे शिवते. ब्लेन पैसेवाल्या घरचा. डेटच्या रात्री तो तिला गाडीतून घरी सोडायला निघतो आणि ती नको म्हणते. तो कारण विचारतो, ती टाळते. तो पुन्हा विचारतो. शेवटी तिचा बांध फुटतो: मी कुठं राहते ते तुला दिसायला नकोय.

पटकथा लिहिणाऱ्यानं हा सीन वहीत उतरवून घ्यावा. ब्लेन गाडीत तिला लागेल असं काही म्हणत नाही. खलनायक गाडीत नाही, बाप गाडीत नाही. तरी पैसा त्या दोघांच्या मध्ये येऊन बसलाय, कारण तो तिच्या आत आधीपासून होता. आणि ब्लेनला तो दिसतच नाही, ही त्याची श्रीमंती. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात आपल्याकडे. अँडी काही सोंग आणत नाहीये, ती फक्त झाकते आहे, आणि झाकण्यातच रडू येतं.

एवढं पेरल्यावर चित्रपट शेवटी काय करतो? ब्लेन तिला प्रॉमचं, म्हणजे शाळेच्या निरोपाच्या नाचाचं, आमंत्रण देतो, मग मित्रांच्या दबावाखाली तिचे फोन टाळायला लागतो आणि आपण आधीच दुसरीला विचारलं होतं अशी थाप मारतो. दबाव टाकणारा मित्र म्हणजे स्टेफ, आणि तो तरी का जळतो? त्यानंच अँडीवर डोळा ठेवला होता आणि तिनं त्याला उडवून लावलं होतं. बघा, वर्गाचा माज म्हणून दाखवलेली गोष्ट आतून वैयक्तिक खुन्नस निघाली. प्रॉममध्ये ब्लेन एकटा येतो आणि म्हणतो की माझा तुझ्यावर विश्वास होता, माझाच माझ्यावर नव्हता. दुसरी अदलाबदल. गाडीतला प्रश्न घराचा होता, उत्तर आलं आत्मविश्वासाचं. पार्किंगमध्ये चुंबन, चित्रपट समाप्त. अँडीचं घर ब्लेननं आतून किती पाहिलं, हे आपल्याला कळत नाही.

मूळ शेवट असा नव्हताच. आधी चित्रीत झालेल्या शेवटात अँडी तिच्याच परिस्थितीतल्या मित्राबरोबर, डकीबरोबर राहते. चाचणी खेळांना आलेल्या प्रेक्षकांना ते आवडलं नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रीत केला. ब्लेन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीनं तोवर एका नाटकासाठी केस काढून टाकले होते, त्यामुळे त्या माफीच्या सीनमध्ये त्याच्या डोक्यावर विग आहे. मी शिकवताना हे मुद्दाम सांगतो. एकदा कळलं की त्या सीनमध्ये दुसरं काही दिसत नाही!

ह्यूजला बहुधा चुटपुट लागली असावी. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, त्यानं आणि ड्यूचनं ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’मध्ये जवळपास तीच मांडणी मुलगा-मुलगी उलट करून केली आणि या वेळी शेवट टिकवला. पेट्रोल पंपावर काम करणारा कीथ श्रीमंतांच्या कळपात वावरणाऱ्या अमांडाच्या मागे लागतो आणि शेवटी बालमैत्रीण वॉट्सकडे वळतो. आपल्याकडे १९९२च्या ‘जो जीता वही सिकंदर’मध्ये संजय श्रीमंत कॉलेजातला असल्याचा आव आणून देविकाला भुलवतो, पितळ उघडं पडतं, आणि गॅरेजमध्ये हात काळे करणारी अंजली तिथंच उभी असते. दोन्हीकडे मुलांसारखी वागणारी मैत्रीण, हाही योगायोग मजेदार आहे. या शेवटाचं वरचं वाचन असं, की खरं प्रेम शेजारीच होतं. खालचं वाचन मात्र ‘आपल्या पायरीनं राहा’ असं आहे. मला दोन्ही चित्रपट आवडतात, पण तिढा त्यांनी टाळलाय. अंथरूण पाहून पाय पसरलेत.

तरी ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’मध्ये एक गोष्ट फार खरी आहे. कीथच्या नावावर कॉलेजसाठी साठवलेले पैसे आहेत. घरातला पहिला कॉलेजला जाणारा म्हणून बापानं आस लावलीय. तो ते सगळे काढून अमांडासाठी हिऱ्यांची कर्णफुलं घेतो. एका रात्रीसाठी! गरीब पोराकडे एकच तिकीट होतं, तेही पुढं जाण्याचं, आणि तेच त्यानं जाळलं. बाप चिडतो तेव्हा आपण कीथच्या बाजूनं असायला हवं, पण मी दरवेळी बापाच्या बाजूला जातो. शेवटी अमांडा कर्णफुलं परत करते, ती वॉट्सच्या कानांत जातात, आणि कीथ तिला म्हणतो की माझं भविष्य तुला शोभून दिसतंय. वाक्य गोड आहे. फीचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

बापांचा रस्ता हिंदी चित्रपटानं सगळ्यात जास्त तुडवला. ‘बॉबी’त (१९७३) श्रीमंत नाथ आणि कोळी जॅक ब्रॅगांझा या दोन बापांचं वाजतं, मुलं पाण्यात उडी घेतात, मागोमाग दोघे बाप उडी घेतात, आणि प्रत्येक बाप दुसऱ्याचं पोर बाहेर काढतो. चित्र म्हणून हे अफलातून आहे, कारण वाहत्या पाण्यात कुणाची पत दिसत नाही. तुमचा रक्ताच्या बाटलीचा शेवट याच घराण्यातला. फरक इतकाच, की ‘बॉबी’त उडी आधी मुलांनी मारलीय, बापांची उडी तिला उत्तर म्हणून येते. तुमच्या हॉस्पिटलात मुलं बाकावर बसून आहेत. संकट आभाळातून पडलं आणि त्यानंच काम केलं.

‘मैंने प्यार किया’त (१९८९) उलटा डाव आहे आणि तो मला जास्त हुशार वाटतो. अट घालतो तो गरीब बाप: स्वतःच्या कष्टानं महिन्यात २००० रुपये कमावून दाखव, मग मुलगी मागायला ये. नायक प्रेम ट्रक चालवतो, दगड फोडतो. किती साधा हिशोब! श्रीमंतीला परीक्षेला बसवलं, आणि पेपर काढला गरिबानं. मात्र इथंही तिकीट शाबूत आहे. सुमनच्या बापाला त्या पैशांत आयुष्य काढायचंय, प्रेमला एक महिना. चित्रपट ते लपवत नाही, पण त्यावर रेंगाळतही नाही.

बापाच्या वाटेनं जाऊन तिढ्यापर्यंत पोचलेला चित्रपट मला विचाराल तर १९८९चाच ‘से एनिथिंग’, लेखन-दिग्दर्शन कॅमेरॉन क्रो. डायन वर्गात पहिली, बापाची लाडकी, पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडची फेलोशिप मिळालेली. लॉइडला किकबॉक्सिंगपलीकडे काही येत नाही आणि काही विकायचंही नाही. बाप सभ्य आहे, मुलीवर त्याचा जीव आहे, तो लॉइडला नको म्हणतो ते समजुतीच्या सुरात. आणि मग कळतं की हा गृहस्थ जो वृद्धाश्रम चालवतो, तिथल्या म्हाताऱ्यांच्या पैशांवर त्यानं हात मारलाय. घरात दडवलेल्या नोटा डायनच्याच हाताला लागतात. तिच्यासाठीच चोरल्या, असं तो म्हणतो, आणि ते खोटंही नाही.

इथं काय घडलं? मुलाला लायक ठरवण्याच्या भानगडीत पटकथा पडलीच नाही. तिनं वरच्या पायरीकडेच पावती मागितली, हा पैसा आला कुठून? परतीचं तिकीट चोरीच्या पैशाचं निघालं आणि मुलीला ते वापरवेना. बाप तुरुंगात जातो. शेवटी दोघं विमानात बसलेली. डायनला विमानाची भीती, आणि लॉइड तिला सांगत असतो की डोक्यावरच्या सूचनेच्या दिव्याचं ‘टिंग’ वाजलं की धोका टळला. दोघं वर बघत बसतात, टिंग वाजते, पडदा काळा. विमान अजून हवेतच आहे. लॉइड तिथं राहणार कसा, करणार काय, याचं उत्तर नाही, पण इथं चित्रपटाला ते माहीत आहे. म्हणून तर त्यानं उतरण्याचा सीन घेतला नाही, भीतीचा घेतला.

‘डर्टी डान्सिंग’ (१९८७) थोडक्यात, कारण त्याच्या नाचाबद्दल सगळे बोलतात आणि अडीचशे डॉलरबद्दल कुणी बोलत नाही. गोष्ट १९६३च्या उन्हाळ्यातली. रिसॉर्टवर नाचणाऱ्या पेनीला गर्भपातासाठी २५० डॉलर हवेत, ते तिच्याकडे नाहीत, तिच्या मित्रांकडे नाहीत. डॉक्टरांची मुलगी बेबी वडिलांकडे जाते, कशासाठी ते सांगत नाही, आणि पैसे मिळतात. बस्स. दोन जगांमधलं अंतर एका वाक्यात मोजून झालं. पुढं बेबीचं ज्याच्यावर प्रेम जडलंय त्या नाच शिकवणाऱ्या जॉनीची नोकरी जाते, बेबीला फक्त वडिलांचा रुसवा सोसावा लागतो. शेवटी वडील पेनीच्या बाबतीत चुकलो असं कबूल करतात, सगळा हॉल नाचतो. सुट्टी संपलीय आणि बेबीच्या घरची गाडी बाहेर उभी आहे, हे त्या नाचात विसरायला होतं. विसरायला लावणं हेच त्या नाचाचं काम.

आता एक मालिका मध्ये घुसवतो. सॅली रूनीच्या कादंबरीवरची ‘नॉर्मल पीपल’ (२०२०). कॉनेलची आई मारिआनच्या घरी साफसफाईला जाते, दोघं एका शाळेत, पुढं एकाच विद्यापीठात. एका उन्हाळ्यात कॉनेलच्या कामाचे तास कमी होतात आणि खोलीचं भाडं परवडेनासं होतं. मारिआनच्या फ्लॅटवर तो बहुतेक रात्री असतोच. ‘उन्हाळाभर तुझ्याकडे राहू का?’ एवढंच विचारायचंय, आणि ते त्याच्या तोंडून निघत नाही. तो म्हणतो, मी गावी जाईन म्हणतो. ती समजते, याला संपवायचंय. आणि संपतं.

तिनं नाही म्हटलं असतं का? छे. तिला प्रश्न ऐकूच आला नाही, कारण तिला आयुष्यात भाडं हा प्रश्न पडलेला नाही. दरी कशी दिसते असं मला कुणी विचारलं तर मी बंगला आणि झोपडी दाखवणार नाही, हा न विचारलेला प्रश्न दाखवीन. तुमच्या फोरमनच्या मुलीला कुठला प्रश्न विचारता येत नाही? तो सापडला की अर्धा शेवट सापडला.

आणि ‘सैराट’. २०१६ साली नागराज मंजुळे यांनी जे केलं त्याबद्दल लोक शेवटच्या दोन मिनिटांचंच बोलतात. मला मधला भाग शिकवायला आवडतो. बाकीचे चित्रपट जिथं संपतात, तिथं हा निम्म्यावर आलेला असतो. पळून झालं, गाणी झाली, आता हैदराबादेतली वस्ती, सार्वजनिक संडास, अंगावर येणारा वास, आणि बुलेट उडवणारी, हुकूम सोडणारी आर्ची तिथं रडवेली. तिची कसोटी लागते ती स्वयंपाकात, कामाच्या पाळीत, पर्शाच्या संशयात. एकदा ती खरंच परत निघते आणि वाटेतून माघारी फिरते. तिकीट फाडण्याचा याहून साधा सीन मला माहीत नाही. घोषणा नाही, पार्श्वसंगीताचा धबधबा नाही.

पण मंजुळे तिथं थांबत नाहीत. संसार लागतो, मूल होतं, आणि आर्ची आईला फोन करते. तेवढीच एक दोरी शिल्लक होती. त्या दोरीला धरून भाऊ आणि नातलग आईनं दिलेल्या वस्तू घेऊन दारात येतात, आणि नंतर रक्तात पाय बुडालेलं लेकरू आवाजाशिवाय चालत जातं. परतीचा रस्ता उघडा ठेवला की त्यावरून फक्त आपण जात नाही, तिकडचेही येतात. इथं एक फरक करायलाच हवा. ‘सैराट’मध्ये दरी पैशाची आहे तशी जातीचीही आहे, आणि जीव घेते ती जात. पैसा महिन्याच्या मजुरीनं मिळवून दाखवता येतो, जातीसाठी कुठलाच बाप असा पेपर काढत नाही. लिहिताना या दोन दऱ्या एकमेकींत कालवू नका. तुमच्या गोष्टीत कारखानदार आणि फोरमन यांच्यात नुसता पगाराचा फरक असेल तर ‘सैराट’चा शेवट उसना आणू नका, आणि जातीचा असेल तर तो पहिल्या पानापासून असू द्या, शेवटी शस्त्र म्हणून काढू नका. २०१८च्या ‘धडक’नं तोच शेवट फिरवून मुलीला जिवंत ठेवलं आणि नवरा-मूल नेलं. धक्का तेवढाच बसतो, पण तो कुठून आला ते अंधुक होतं, कारण आधीच्या दोन तासांत जात फार दबकत आलीय.

जाता जाता ‘टायटॅनिक’चा एक कण. नायिका रोज सतराची आहे, म्हणून हाही आपल्याच खात्यात. जॅकचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट पत्त्यांत जिंकलेलं. तो मरतो आणि दरीचा हिशोब समुद्र मिटवतो, अशी टीका मी स्वतः बरेचदा केलीय. पण रोजच्या अंगावर श्रीमंत वाग्दत्त वराचा कोट असतो आणि त्या कोटाच्या खिशात हिरा. तो ती ८४ वर्षं विकत नाही. अक्षरशः खिशातलं परतीचं तिकीट, आणि ती आयुष्यभर पायी चालली. इतक्या मोठ्या बोटीच्या सिनेमात ही बारीक गोष्ट कुणीतरी सांभाळली, याचं मला कौतुक आहे.

तर तुमचे तीन शेवट. रक्ताची बाटली काढा, तिनं कुणाचंच भलं केलेलं नाही. पळून जाणं चालेल, पण मग तो शेवट न राहता मध्यंतर होईल आणि तुम्हाला अजून तासभर लिहावं लागेल. दहा वर्षांनी स्टेशनवर भेटण्याची मला भीती वाटते ती वेगळ्या कारणानं: त्या दहा वर्षांत मुलगी नक्की अधिकारी झालेली असणार, हो ना? म्हणजे पैशाचा प्रश्न पडद्यामागं परीक्षा देऊन पास झाला. ‘टाइमपास’नं (२०१४) ताटातुटीवर थांबायची हिंमत केली होती, दुसऱ्या वर्षी सिक्वेलनं मोठे झालेले दोघं भेटवले. प्रेक्षक म्हणून मला बरं वाटलं. पटकथावाला म्हणून पहिला शेवट जास्त आवडतो.

तुमच्या ड्राफ्टात मला पान ४२ वर एक गोष्ट दिसली, जी तुम्ही स्वतः विसरलात. मुलीची परीक्षेची फी राहिलीय हे मुलाला कळतं आणि तो ती गुपचूप भरून टाकतो. तुम्ही ते त्याच्या चांगुलपणाचा सीन म्हणून लिहिलंय, पुढं त्याचा उल्लेख नाही. अहो, तिथंच तर गोष्ट आहे! तिला हे कळायला हवं, आणि तेही ऑफिसच्या खिडकीवर, हातात घरून जमवून आणलेले पैसे असताना. ‘तुझी भरलीय की’, असं क्लार्क म्हणेल. त्या क्षणी मैत्रीण असलेली मुलगी देणेकरी होते. मुलाला यात काय चुकलं ते कळणार नाही, आणि त्याचं ते न कळणं प्रामाणिक असू द्या. त्याला वाईट करू नका. वडिलांनाही राक्षस करू नका. फोरमनची नोकरी ज्याच्या हातात आहे त्याला मोठ्यानं बोलावं लागत नाही. त्यानं ‘मुलगी हुशार आहे हो तुमची’ एवढं म्हटलं तरी फोरमन त्या रात्री जेवणार नाही.

मग तिला फेडू द्या. दर महिन्याला थोडे थोडे, तो नको नको म्हणत असताना, बाकावर पाकीट ठेवून. प्रेम चालू, रुसवे चालू, पाकिटं चालू. त्यानं एकदा ते पाकीट न उघडताच दप्तरात कोंबावं आणि तिनं ते पाहावं. शेवटचा हप्ता शाळेच्या शेवटच्या दिवशी. तो घेतो, पहिल्यांदाच तिच्यासमोर मोजतो, आणि म्हणतो, बरोबर आहेत. तिथून पुढं ती दोघं कुठं जातात ते तुम्ही ठरवा, मला चारही दिशा चालतील.

पूर्ण ड्राफ्ट इतक्यात पाठवू नका. खिडकीचा सीन आणि मोजण्याचा सीन, एवढे दोनच लिहा. त्याआधी पाकिटात नोटा किती, सुटे किती, आणि ती ते शाळेत आणते कशात दडवून, ते पक्कं करून घ्या.